बैलखांदी अक्षरं

साहेब, मंडळीचं तोंड तुम्ही बदललंत आणि वर खुलासा माझ्याकडे मागता.

तुमचं पत्र पोचलं. ‘शिळफाटा येथील दुकानाचे पाटीवर मंजूर वळणाखेरीज अन्य अक्षरे कोणाचे हुकमाने लावली, याचा लेखी खुलासा आठ दिवसांचे आत करावा.’ करतो. मी मराठी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. खुलासा कसा लिहायचा असतो ते कुणी शिकवलं नाही. जे घडलं ते घडलं तसं लिहितो. कचेरीला पटलं नाही तर कचेरीनं पुन्हा वाचावं.

माझं नाव धाकलू. कर्जतला अंबाबाईंच्या छापखान्यात मी जुळारी आहे. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे माझं काम. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे अठरा वर्षं मी उलटंच वाचत आलोय, आणि म्हणूनच कचेरीची पत्रं मला इतरांपेक्षा लवकर कळतात. छापखाना अंबाबाईंच्या यजमानांनी काढला. ते गेल्यावर नातेवाइकांनी यंत्र काढून टाका म्हणून सांगितलं. बाईंनी नातेवाइकांना काढून टाकलं आणि यंत्र ठेवलं.

तीन वर्षांपूर्वी खोपोलीवरच्या डोंगरातल्या ठाकूरवाड्यांनी मिळून मंडळी काढली. मध, हिरडा, शिकेकाई एका जागी आणायची आणि खाली शिळफाट्याच्या दुकानातून विकायची. नोंद तुमच्याच कचेरीनं केली. त्या दिवशी भाषणालाही तुम्हीच होता. खुर्चीचा एक पाय हलत होता म्हणून भाषण लवकर आटोपलंत, त्याबद्दल वाड्यांवरची माणसं अजून त्या खुर्चीचे उपकार मानतात.

भाषणानंतर आठ दिवसांनी हिरूबाय छापखान्यात आली. हिरू ठाकरीण, मंडळीची पुढारी. सोबत तिचा नवरा जैतू, कड्यावरची मधाची पोळी काढण्यात ज्याचा हात कुणी धरत नाही तो, आणि तो दारातच बसला कारण छप्पर असलेल्या जागी त्याला गुदमरतं. मधाच्या बाटलीला चिठ्ठी हवी म्हणाली. कसली अक्षरं हवीत, मी विचारलं. ती म्हणाली, दाखव किती हायत.

आमच्याकडे पाच वळणांचे खिळे होते. प्रत्येकाची एकेक ओळ छापून मी कागद जमिनीवर पसरले. आता हिरूबायला वाचता येत नाही. तिनं कागद आधी उलटा पाहिला, मग आडवा, मग लांब उभी राहून पाहिला, मग डोळे बारीक करून पाहिला. शिकलेली गिऱ्हाइकं असं कधी पाहत नाहीत. ती मजकूर वाचतात आणि म्हणतात, कोणतंही चालेल. हिरूबायनं चार कागद पायानं बाजूला सारले आणि पाचव्यावर बोट ठेवलं.

“ह्यो उभा ऱ्हातो रं. बाकीची पळतात.”

ते आमचं सगळ्यात जुनं वळण. डोक्यावरची रेघ जाड, मध्ये किंचित उचललेली, कानेही तसेच ठसठशीत. छापखान्यात आम्ही त्याला बैलखांदी म्हणतो, कारण ती रेघ जू ठेवलेल्या बैलाच्या खांद्यासारखी दिसते. लग्नपत्रिकेला कुणी ते घेत नाही. लिलावाच्या जाहिरातीला घेतात.

मी म्हणालो, चिठ्ठीला हे बरं आहे, पावतीला दुसरं बारीक घेऊ, पाटीला तिसरं. त्यावर दारातून जैतू बोलला. दिवसभरात तो तेवढंच बोलला, म्हणून मी ते लक्षात ठेवलं. डोंगरात माघात पोळं दिसतं आणि चैत्रापासून काढतात. मधल्या दोन महिन्यांत ते पोळं कुणाचं हे कसं कळायचं? तर ज्याला दिसलं त्यानं बुंध्यावर कोयत्यानं घाव घालायचे, आपल्या घरचे जसे ठरलेत तसे. कुणाचे दोन आडवे, कुणाचा एक उभा एक तिरका. खूण ज्याची, पोळं त्याचं. मग झाड राखायला कुणी लागत नाही. दुसऱ्याच्या खुणेच्या झाडाला ठाकूर उपाशी असला तरी हात लावत नाही. आणि एका घराचे घाव एका झाडावर असे आणि दुसऱ्या झाडावर तसे असतील, तर ते दोन घरांचे धरतात.

“तीन जाग्याला तीन घाव करशील,” हिरूबाय मला म्हणाली, “तर मंडळ्या तीन होतील.”

साहेब, मी तोवरच्या पंधरा वर्षांत शिकलो नाही ते मला त्या सकाळी कळलं. त्या दिवसापासून मंडळीचं जे काही छापलं ते बैलखांदीत. चिठ्ठी, पावती, सभासदाचं कार्ड, डब्याच्या झाकणावरचा कागद. पाटी मी स्वतः रंगवली, छापील अक्षरावर चौकटी आखून, तीच जाडी, अक्षरा-अक्षरांत तेवढीच फट. सोपं नव्हतं. मोठ्या आकारात आमच्याकडे ‘म’ दोनच. ‘मंडळीचा मध’ यात दोन्ही संपतात. पुढे काही लिहायचं झालं की मला ‘म’ नसलेली वाक्यं शोधावी लागत. सभेच्या पत्रकात मी ‘सर्वांनी यावे, गोड वाटेल’ असं लिहिलं, कारण ‘सभासदांनी जमावे’ लिहायला ‘म’ उरला नव्हता. अंबाबाई म्हणाल्या, धाकल्या, दुसऱ्या वळणाचा एक ‘म’ घाल, कोण बघतंय? मी म्हणालो, हिरूबाय बघते. आणि हिरूबाय खरंच बघत असे. एकदा पावतीची रेघ झिजून बारीक उमटली तर ती अख्खा गठ्ठा घेऊन डोंगर उतरली होती.

दोन वर्षं मंडळी अशी चालली की बघावी. दूरदूरच्या वाड्यांवरच्या बाया शिळफाट्याला येत, पाटी बघत, आत शिरत. कुणाला विचारावं लागत नसे. खालापूरच्या कचेरीतले कारकूनही बाटली नेताना चिठ्ठी बघून नेऊ लागले. त्यांना वाचता येतं तरीसुद्धा.

मग यंदा माघात तुमचं परिपत्रक आलं.

‘जिल्ह्यातील सर्व मंडळ्यांचे छापील काम एकाच मंजूर व सुबक वळणात असावे. जुनी बोजड अक्षरे तत्काळ बंद करावी.’ सोबत दुसरा हुकूम, वैशाखी पौर्णिमेच्या आत दुकानात चाळीस डबे मध न आल्यास मंडळी चालत नाही असे समजून नोंद रद्द होईल.

पहिल्या हुकमाशी माझं भांडण नाही, असं सांगितलं तर तुम्हाला नवल वाटेल. एकच वळण असावं हे आम्हीच आधी म्हणत होतो. पण तुम्ही पाठवलंत काय? पाटी एका ठेकेदाराकडची, तिची अक्षरं हरतालिकेचा उपास धरल्यासारखी. चिठ्ठ्या दुसरीकडच्या, त्यांची अक्षरं उजवीकडे कललेली, जणू लोटा घेऊन निघालीत. पावत्या तिसरीकडच्या, त्यांना गाठी आणि शेपट्या. तिन्हींवर शिक्का ‘मंजूर’. एक वळण म्हणून तुम्ही तीन पाठवलीत, आणि आमचं एक होतं ते बंद केलंत.

गोमा दुकानात बसतो. तो सरळ माणूस, हुकूम आला की करतो. त्यानं जुनी पाटी उतरवून मागच्या पडवीत पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवली आणि तुमची लावली.

आता माझा गुन्हा सांगतो, कारण तो तुमच्या पत्रात नाही. तुम्हाला तो ठाऊकच नाही.

चांगोशेटचं दुकान मंडळीच्या दुकानासमोरच, रस्त्यापलीकडे. मीठ, मिरची, कापड, तेल. चांगोशेट वाईट माणूस नाही. फार गोड बोलतो, एवढंच. फाल्गुनात तो छापखान्यात आला, पान खाल्लं, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि जाता जाता म्हणाला, “काय रं धाकलू, ती जाडी अक्षरं आता कुणाची?”

मी म्हणालो, कुणाची नाहीत. पडून आहेत.

“मंग माझी कर की.”

अंबाबाईंनी होकार दिला. बाईंना दोष देऊ नका, खिळे छापखान्याचे, मंडळीनं सोडले, दुसऱ्यानं मागितले. ‘चांगोशेटचा मध’ अशी चिठ्ठी मी जुळवली. ‘म’ एकच लागला म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. हाताची सवय, म्हणून कडेची रेघही तीच टाकली आणि फटही तेवढीच सोडली. त्यानं त्या चिठ्ठीवरून रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली. मी मनाशी म्हणालो, नाव तर वेगळं आहे, वाचेल तो ओळखेल.

वाचेल तो.

चैत्र गेला. वैशाख लागला. गोमाचा निरोप आला की दुकानात मध नऊ डबे, आणि तेही खालापूरच्या बाजूचे. डोंगरातून एकही नाही. बाया रस्त्यानं जातात, दुकानाकडे बघतात आणि मान वळवून पुढे जातात. गोमाला वाटत होतं, आपलं काही चुकलं. त्यानं दोनदा दुकान सारवलं, एकदा दाढी केली.

पौर्णिमेला सात दिवस राहिले होते. मी खोपोलीची गाडी धरली आणि तिथून डोंगर चढलो.

हिरूबाय अंगणात मेण वितळवत होती. मला पाहून खूश झाली, पानावर पोळ्याचा तुकडा दिला. मी खाल्ला आणि विचारलं, बाय, यंदा मध का नाही आला मंडळीत?

“आला की,” ती म्हणाली. “बारा डबे घातले. उरलेले गुरवारी घालतो.”

कुठे घातले?

“मंडळीत रं. दुकान सरकवलंत नाय का समोर?”

मी पान खाली ठेवलं.

तिनं सगळं सांगितलं, अगदी सहज. पहिल्या खेपेला बाया शिळफाट्याला गेल्या तर जुन्या दुकानावर कुणा दुसऱ्याची खूण. रोडकी, पळणारी. दुसऱ्याचं झाड, म्हणून कुणी पाऊल टाकलं नाही. समोर पाहिलं तर आपली खूण, तीच, उभी. तर मंडळी तिकडे गेली, एवढं कळायला काय लागतं? आत चांगोशेट बसलेला. बायांना वाटलं मंडळीनं नवा माणूस ठेवला, बरा ठेवला, गोमापेक्षा हसतमुख आहे.

मग गोमा? तो तर जुन्याच दुकानात बसलेला होता, डोळ्यांसमोर. त्याला कुणी का नाही विचारलं?

हिरूबायनं आवाज खाली आणला. “आमाला वाटलं, त्यानं दुसऱ्याकडं चाकरी धरली. त्याला लाज वाटू नये म्हनून आमी बोललो नाय.”

साहेब, गोमा महिनाभर बायांच्या रागाचं कारण शोधत दाढी करत होता, आणि बाया महिनाभर गोमाची लाज राखत होत्या. तुमच्या सुबक वळणानं एवढं काम केलं.

मी तिला समजावलं. पाटी कुणी बदलली, समोरची कुणाची, आतला माणूस कोण. तिनं मधेच एकदा विचारलं, चांगोशेटला ठाऊक होतं का? मी म्हणालो, ठाऊक असणारच. बारा डबे येईपर्यंत बाया त्याला ‘मंडळीचा मध’ म्हणून देत होत्या आणि तो ‘हो हो’ म्हणत होता. ती हसली. मग हसायची थांबली.

“त्याच्या दुकानाव आमची खूण हाय.”

“आहे.”

“आमी तर लावून दिली नाय.”

“नाही. मी दिली.”

ती माझ्याकडे बघत राहिली, त्या दिवशी कागदांकडे बघितलं होतं तशी, डोळे बारीक करून. मी उभा राहणाऱ्यांतला की पळणाऱ्यांतला, ते ती बघत होती. मी मान खाली घातली नाही, पण घालावीशी वाटली.

“बरं,” ती म्हणाली. “गुरवारी येतो. तू बी ये. आन् ह्या खेपेला काय जुळवू नको.”

त्या आठवड्यात ती घरोघर गेली असणार. पौर्णिमेचा आदला दिवस, गुरुवार, बाजार भरलेला. रस्त्यावर घाटाकडे जाणाऱ्या मोटारी उभ्या, कारण बायांची रांग आडवी आली होती. बावीस बाया, डोक्यावर डबे, कुणाच्या दोन. शेवटी जैतू, हातात काही नाही. मी आणि गोमा मंडळीच्या दारात उभे. रांग आमच्याकडे आली नाही. ती सरळ चांगोशेटच्या दुकानात शिरली.

चांगोशेटला आनंद झाला, तो उठून उभा राहिला. तो उठला तशी हिरूबाय त्याच्या गादीवर बसली. भागी नावाची एक तरणी बाई तराजूपाशी बसली. एकीनं मिठाच्या पोत्याचं तोंड बांधलं, एकीनं केरसुणी घेतली. बाकी कुणी डबा खाली ठेवला नाही.

“हिरूबाय, हे काय गं?” चांगोशेट म्हणाला.

“वर खूण आमची हाय,” ती म्हणाली. “खूण ज्याची पोळं त्याचं. दुकान आमचं झालं. तू ऱ्हा ना, तुला बी चाकरीला ठेवतो. बोलतोस गोड.”

अख्खा बाजार जमला. चांगोशेटनी आधी हसून पाहिलं. मग म्हणाला, पाटीवर माझं नाव लिहिलंय. हिरूबाय म्हणाली, कुठं? त्यानं बोट केलं. ती म्हणाली, मला तर आमचे घाव दिसतात, बुधीला विचार, भागीला विचार. सगळ्यांनी वर पाहिलं आणि सगळ्यांना आपले घाव दिसले. चांगोशेट रस्त्यावरच्या माणसांकडे वळला, वाचता येणाऱ्या कुणीतरी सांगावं म्हणून. खालापूरचे दोन कारकून तिथेच होते. त्यांतला एक म्हणाला, शेट, मी पण दोन बाटल्या मंडळीच्या समजूनच नेल्या.

तेव्हा चांगोशेटनी शिडी मागवली. स्वतः चढला, स्वतः पाटी उतरवली. खाली येऊन म्हणाला, घे बाय तुझी खूण. त्याच्यात एवढं होतं, ते मी लिहून ठेवतो. हिरूबाय गादीवरून उठली, गादी झटकून दिली आणि निघाली.

ती रस्ता ओलांडून आली खरी, पण दुकानात शिरली नाही. उंबऱ्याबाहेर थांबली, बावीसही थांबल्या, डोक्यावर डबे तसेच. वर तुमची पाटी होती. गोमा हात जोडून सांगू लागला की हे आपलंच आहे, आत या, वाटलं तर वाचून दाखवतो. कुणी हललं नाही. ऊन चढत होतं. मधाचे डबे, बायांच्या माना, आणि पौर्णिमा उद्यावर आलेली.

गोमा मला म्हणाला, हुकूम आहे रे, पाटीला हात लावता येत नाही.

मी पडवीत गेलो. रांजणावरची पाटी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली. चांगोशेटचीच शिडी आणली, तो नको म्हणाला नाही. तुमची पाटी उतरवली, आमची लावली. एक खिळा वाकडा गेला, तो हिरूबायनं पुन्हा ठोकायला लावला.

मग त्या आत गेल्या. भागी आत शिरताना गोमाला म्हणाली, सुटलास का रं त्या दुसऱ्याच्या चाकरीतून? गोमानं तिच्या डोक्यावरचा डबा उतरवून घेतला.

मोजून चौतीस डबे आले, चांगोशेटकडे गेलेले बारा सोडून. आधीचे नऊ. तुमचा माणूस पौर्णिमेला आला, त्यानं स्वतः त्रेचाळीस मोजले, एक चाखला. नोंद राहिली. तुमची पाटी शाबूत आहे. डब्यांना मुंग्या लागू नयेत म्हणून ती पाण्याच्या परातीत विटांवर ठेवून वर डबे रचले आहेत. लाकूड चांगलं आहे, त्याबद्दल ठेकेदाराला सांगावं. बैलखांदीचे खिळे अंबाबाईंनी कुलपात टाकलेत आणि किल्ली कमरेला. आणखी दोन ‘म’ मागवलेत, पण तेच, त्याच वळणाचे, दुसरे आले तर परत पाठवायचे असं बजावून.

तर कोणाच्या हुकमानं, असं तुम्ही विचारलंत. हिरूबाय ठाकरणीच्या. ती बोलली नाही, नुसती उंबऱ्याबाहेर थांबली. शिडीवर चढलो मी. दंड करायचा असेल तर मला करा, त्यात गोमाला घेऊ नका.

एवढ्यावर मी थांबणार होतो. पण तुमचं पत्र मी डोंगरावर घेऊन गेलो, कारण ते मंडळीच्या नावानं आहे आणि मंडळी ती आहे. वाचून दाखवण्याआधी तिनं ते हातात घेतलं. उलटं पाहिलं, आडवं पाहिलं, लांब धरून पाहिलं. माथ्यावर कचेरीचं नाव एका वळणात, त्याखाली खात्याचं दुसऱ्या, ‘विषय’ तिसऱ्या, मजकूर चौथ्या, आणि तळाशी तुमच्या हुद्द्याचा रबरी शिक्का पाचव्या. एकच मंजूर वळण वापरा, हे सांगणारं ते पत्र. तिनं एकेका वळणावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, “ही चिठ्ठी पाच जणांची हाय. ह्यातला साहेब कोनता?”

मी म्हणालो, साहेबांनाच विचारतो. तुम्हीच सांगा. आठ दिवसांचे आत, लेखी, आणि एकाच वळणात, म्हणजे तिला दिसेल: त्या पाचांतले तुम्ही कोणते?